नोटीस आणि पावती

डोंगरीतल्या आमच्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असे. दादीच्या ताब्यातल्या त्या पेटीत घरातले सगळे महत्त्वाचे कागद होते. निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले, कोकणातल्या जमिनीचा सातबारा आणि सुतळीने बांधलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा. घरमालकाचा मेहताजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येई. भाडे किरकोळ होते, पण पावती हातात पडली की दादी ती आमच्याकडून वाचून घेई. नाव बरोबर आहे ना, खोलीचा नंबर बरोबर आहे ना, तारीख पडली आहे ना, एवढे ऐकल्याशिवाय ती मेहताजीला जिना उतरू देत नसे.

दुसरा एक कागद मात्र त्या पेटीत कधी गेला नाही. तो जिन्याच्या तोंडाशी भिंतीला चिकटवलेला असे. पावसाळा जवळ आला की सरकारी माणसे येत, भेगांवर टकटक करून बघत आणि जाताना नोटीस लावून जात. इमारत धोकादायक आहे, राहणाऱ्यांनी ती रिकामी करावी, न केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी त्यांची. दोन-चार पावसांत तो कागद भिजून गळून पडे. आम्ही मुले जिन्याखालच्या टेकूंभोवती लपाछपी खेळत असू. टेकू हा इमारतीचाच भाग असतो, असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते.

मुंबईतल्या जुन्या इमारतींचा इतिहास या दोन कागदांत मावतो, असे आम्हाला आज वाटते. पावती सांगत होती की या घरावर तुमचा हक्क आहे. नोटीस सांगत होती की या घरात राहू नका. दोन्ही कागद कायद्यानेच दिलेले. आमच्या माणसांनी पहिल्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्यावर ठेवला नाही. बाहेरचे लोक याला अडाणीपणा म्हणतात. तो अडाणीपणा होता की अनुभव होता, हे मागचा इतिहास पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही.

१८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. त्यानंतर देशी वस्ती कोटाबाहेर उत्तरेकडे सरकली आणि मांडवी, डोंगरी, भेंडी बाजार, भुलेश्वर हा पट्टा भरत गेला. पुढे बंदर वाढले, १८५० नंतर कापडाच्या गिरण्या निघाल्या. कोकणी मुसलमान बोटींवर खलाशी म्हणून आणि गोदीत कामाला आले. उत्तर हिंदुस्थानातले विणकर मदनपुऱ्यात बसले. कच्छ-काठेवाडचे मेमन, खोजे आणि बोहरा व्यापारी पेढ्या घालून राहिले. गावाच्या जमातीने एखादी खोली भाड्याने घ्यायची आणि बोटीवरून उतरलेल्या गावकऱ्याने तिथे वळकटी टाकायची, ही पद्धत कोकणातल्या अनेक घरांना ठाऊक आहे.

या माणसांसाठी ज्या इमारती उठल्या त्यांतल्या पुष्कळांचा सांगाडा लाकडी होता. सागवानी खांब, त्यांवर तुळया, मधे विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, वर कौले. तळाला दुकाने नाहीतर गुदाम, वर तीन-चार माळे, लांब गॅलरी आणि टोकाला सामाईक मोरी व संडास. लाकूड कोरडे राहिले तर अशी इमारत शंभर वर्षे उभी राहू शकते. तिचा खरा शत्रू पाणी. मोरीचे पाणी झिरपत झिरपत भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकापर्यंत जाते. टोक आतून कुजते, वाळवी लागते, आणि बाहेरून रंग दिलेली तुळई धडधाकट दिसत राहते. नंतरच्या इमारतींत लोखंडी गर्डर आणि सिमेंट आले, पण दुखणे तेच राहिले. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत लोखंड गंजते, गंजले की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. स्लॅबचा पोपडा खाली पडला की आपण त्यावर गिलावा मारून घेतो. आतली सळई मात्र गंजतच राहते.

तेव्हा इमारतीची तपासणी हवी, यात वाद नाही. तपासायला कोण आले आणि तपासून पुढे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, आणि मागे घरावर चुना. जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. त्या घरांत राहणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, पण त्यांच्यामागून काय येते हे त्यांना कळत होते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात तपासणीचे पथक जुलाह्यांच्या वस्तीत शिरले आणि लोकांनी विरोध केला. त्याची दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहरात पसरली.

त्या दंगलीचे समर्थन आम्ही करीत नाही. प्लेग खरा होता, कोंदट घरेही खरी होती. पण वस्तीने तपासणीचा पहिला अनुभव घेतला तो असा. पुढचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. १८९८ मध्येच कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. आजचा मोहम्मद अली रोडही त्याच योजनांमधला. या रस्त्यांनी शहरात हवा खेळली, हे मान्य करायला हवे. परंतु पाडलेल्या घरांतल्या सगळ्यांना पुरतील इतकी नवी घरे बांधली गेली नाहीत, आणि जी बांधली गेली ती अनेकांना परवडली नाहीत. ही माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. तपासणी म्हणजे पाडकाम आणि पाडकाम म्हणजे आपले जाणे, हे गणित मोहल्ल्याच्या मनात तेव्हा बसले ते बसलेच.

पावतीचा इतिहास याच्या नंतरचा. पहिल्या महायुद्धात मुंबईतली भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाड्यांवर पहिले नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले, आणि भाडे वेळेवर देणाऱ्याला घरमालकाने मनाला येईल तेव्हा बाहेर काढणे अवघड झाले. गरीब माणसाच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे मोठा आधार होता. घरातला कर्ता समुद्रावर गेला आणि परत आला नाही, तरी त्याच्या विधवेच्या डोक्यावरचे छप्पर पावतीने राखले. आमची दादी पावती का वाचून घेई, हे यावरून कळावे.

पण जो कायदा राहणाऱ्याचे रक्षण करीत होता, त्याने भिंतीचे रक्षण कोण करणार हे नीट सांगितले नाही. भाडे १९४० चे राहिले. गवंड्याची मजुरी, सिमेंट आणि सागवान मात्र दर वर्षी महाग होत गेले. दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकाला काही मतलब उरला नाही. उलट इमारत मोडकळीला आली तर जमीन मोकळी होईल, असा हिशेब काही मालक करू लागले. भाडेकरूही म्हणू लागला की इमारत मालकाची आहे, मी का पैसे घालू? यातून पागडीचा व्यवहार वाढला. खोलीचे भाडे नावापुरते आणि पावतीची किंमत लाखांत. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. तोवर जुन्या इमारतींच्या दोन पिढ्या दुरुस्तीवाचून गेल्या होत्या.

साठीच्या दशकात पावसाळ्यागणिक इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारला जाग आली. १९६८ च्या बेडेकर समितीनंतर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि १९७१ पासून मंडळ कामाला लागले. लोकांच्या तोंडी हाच 'रिपेर बोर्ड'. तो पुढे १९७७ मध्ये म्हाडात सामील झाला. शहरातल्या जुन्या खाजगी भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून व सरकारी मदतीतून दुरुस्ती करायची, ही कल्पना. अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, १,४८९ इमारती १९५० पर्यंतच्या आणि १,६५१ इमारती १९५१ ते सप्टेंबर १९६९ या काळातल्या.

बोर्डाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हजारो इमारतींची दुरुस्ती झाली, काही नव्याने बांधल्या गेल्या. पण दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा होती. खर्च तिच्या वर गेला की जादा रक्कम भाडेकरूंनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीच्या पलीकडची ठरायची. मग टेकू लागत. टेकू हे तात्पुरते काम असते. दुरुस्ती होईपर्यंत तुळईचा भार तोलून धरण्यापुरते. आमच्याकडे ते पंधरा-वीस वर्षे उभे राहिले.

ज्यांनी नोटीस मानून घर सोडले, त्यांना ट्रान्झिट कॅम्पात पाठवले जाई. प्रतीक्षानगर, मालवणी, कन्नमवार नगर ही नावे मुंबईतल्या जुन्या वस्त्यांत सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन-तीन वर्षांत परत येऊ म्हणून गेलेली कुटुंबे तिथे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे राहिली. तिथेच मुलांची लग्ने झाली, तिथूनच म्हाताऱ्यांची मय्यत निघाली. मागे राहिलेले लोक हे पाहत होते. नोटीस लागली की कुणीतरी म्हणे, अमक्याचे काय झाले ते बघा आणि मग बॅग भरा.

या भीतीला एकदा न्यायालयाचाही आधार मिळाला, हे फार थोड्यांना माहीत आहे. २००१ च्या सुमारास केरळमधल्या एका जळालेल्या दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इमारत नष्ट झाली तर भाडेकरूचा हक्कही संपतो. याचा अर्थ मोहल्ल्यात ज्याला अफवा म्हणत होते ते काही वर्षे कायद्याचेच मत होते. भिंत गेली की पावती गेली. ८ जुलै २०१४ रोजी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे मत मोडीत काढले. भाडेकरूचा हक्क नुसत्या भिंती-छपरात नसतो, खालच्या जमिनीतही असतो, म्हणून पालिकेने इमारत पाडली तरी भाडेहक्क मरत नाही, असा तो निकाल. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही धोकादायक इमारतींबाबत नियम घालून दिले होते. इमारत पाडण्यापूर्वी पालिकेने प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे मोजमाप करून त्याची नोंद ठेवावी, हा त्यांतला एक. आमच्या मते गेल्या शंभर वर्षांतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. नोटीस आणि पावती यांची गाठ त्या वर्षी प्रथमच इतक्या स्पष्टपणे घातली गेली. दुर्दैव असे की हे निकाल आमच्या जिन्यांपर्यंत पोचले नाहीत.

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडी बाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. दोनच दिवसांपूर्वी मुंबईत प्रचंड पाऊस झाला होता आणि बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. ३३ माणसे दगावली. शंभर वर्षांहून जुनी ही इमारत २०११ मध्येच धोकादायक ठरली होती. भेंडी बाजारच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासात तिचा समावेश होता आणि काही कुटुंबे दुसरीकडे हलवली गेली होती. तरी काही जण मागे राहिले. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत परगावाहून पोट भरायला आलेले कामगारही होते. ज्यांच्या नावावर पावतीच नसते, त्यांना नोटीसही कुणी वाचून दाखवत नाही.

१६ जुलै २०१९ रोजी डोंगरीच्या टांडेल स्ट्रीटवर केसरबाई इमारतीच्या आवारात पडझड होऊन डझनाहून अधिक माणसे मेली. गल्ली इतकी अरुंद की गाड्या आत जाईनात. मोहल्ल्यातल्या पोरांनी साखळी करून हातांनी दगड-विटा बाहेर काढल्या. पडलेला भाग कुणाच्या यादीतला, म्हाडाच्या की पालिकेच्या, यावर मात्र मृतदेह निघत असतानाच वाद चालू झाला होता. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण दगावले, तेव्हा तर मालक, भाडे घेणारा आणि तपासणारा एकच होता. ती पालिकेचीच इमारत होती आणि तिथे पालिकेचे कर्मचारी राहत होते. तिचे वय पस्तिशीच्या आतले. म्हणजे सगळा दोष घरमालकावर किंवा जुन्या लाकडावर ढकलूनही भागत नाही.

आता थोडे आपल्याविषयी बोलले पाहिजे. सरकारला नावे ठेवणे सोपे आहे आणि त्याला कारणेही आहेत. पण खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत कुणी काढली? पोटमाळ्यावर आणखी एक माळा कुणी चढवला? तळमजल्याच्या दुकानदाराने खांब अडतो म्हणून तो तासला, तेव्हा वरच्या चार माळ्यांवरचे आपण गप्प का राहिलो? आपल्या जमातींच्या आणि ट्रस्टांच्या मालकीच्या इमारतींची अवस्था याहून वेगळी आहे का? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे मेली. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडून १६ जण गेले. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. महिनाभरातच, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत जिलानी इमारत कोसळून झोपेतली सुमारे चाळीस माणसे गेली. जुन्या मुंबईतून निघून आपण जिथे जिथे स्वस्त घर शोधत गेलो, तिथे स्वस्ताई कशातून काढली होती हे विचारले नाही. मशिदीच्या रंगाला दहादा विचारविनिमय करणारे आपण घराच्या खांबाबद्दल एकही प्रश्न विचारत नाही.

कायदा आता पुष्कळ सांगतो. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३ ब कलमाप्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. काँक्रीट किती घट्ट उरले आहे, आतली सळई किती गंजली आहे, हे आज यंत्रांनी पाहता येते. त्यावरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हे चार वर्ग मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवेत. कारण वेळेवर तपासणी झाली तर इमारत सी-२ बी मध्ये सापडते आणि घरात राहूनच दुरुस्ती होते. आपण तपासणी टाळत टाळत तिला सी-१ पर्यंत नेतो आणि मग म्हणतो की नोटीस आली.

घरमालक आणि भाडेकरू यांचा मोठा वाद अजून मिटलेला नाही. १९८६ च्या दुरुस्तीने ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात ताब्यात घेण्याची सोय केली, आणि मालक न्यायालयात गेले. त्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. या वादाला तीन दशके लागली. तुळई मात्र तारीख पडण्याची वाट बघत नाही. तेव्हा निकालांच्या भरवशावर न बसता जे आपल्या हातात आहे ते करावे. आपल्या जमाती मय्यतीचा फंड चालवतात, शाळा चालवतात. एक वही इमारतींचीही ठेवावी. इमारत कधीची, शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या खोलीचे क्षेत्रफळ किती, पावती कुणाच्या नावे. नोटीस आली तर भांडण 'जायचे की नाही' यावर करू नये. 'आमच्या जागेचे मोजमाप करून लेखी द्या, मग आम्ही संध्याकाळपर्यंत उतरतो' असे म्हणावे.

आमची ती इमारत आता नाही. ती पडली नाही, पाडली गेली. दादी तोवर राहिली नव्हती. पेटी उघडून आम्ही पावत्यांचा गठ्ठा बाहेर काढला आणि त्यावर एक नवा कागद ठेवला. त्यावर आमच्या खोलीचे मोजमाप होते, सही होती, शिक्का होता. दादी असती तर तिने तो दोनदा वाचून घेतला असता आणि मग जिना उतरली असती. आम्हीही तसेच केले.